बोटाची साखर

साखरेचा आजार असलेली पोर गोळ्यांच्या कारखान्यात कामाला लावली, म्हणजे मांजराला दुधाची राखण दिली, असं लोक ताईला तोंडावर म्हणायचे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? खरं सांगायचं तर बारकीने तिथली एक गोळी कधी जिभेवर ठेवली नव्हती. वासानेच तिचं पोट भरायचं. आणि ताईने तिला तिथे लावलं ते एवढ्याचसाठी, की धाकटी बहीण दिवसभर नजरेसमोर राहील. आई गेली तेव्हा बारकी नुकती शाळेत जायला लागली होती आणि ताई नुकती कामाला. पुढे बारकी बारा वर्षांची झाली आणि आजार निघाला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. टोचायचं ताईने आणि रडायचंही ताईनेच, कारण बारकी काही रडायची नाही. उलट म्हणायची, "ताई, तुझं रडून झालं की सांग, मग आपण जेवू."

ताईचं स्वतःचं लग्नबिग्न राहूनच गेलं. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "एक पोर आहे पदरात, तेवढी पुरे." लोक हसायचे, तीही हसायची. पण ते खरंच होतं.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका टोकाला पाक उकळायच्या कढया, तिथे कढईवाले काका. मग पाक गार करायचे लोखंडी पाटे, मग गोळ्या पाडायचं यंत्र, मग एक मोठं फिरतं पिंप, ज्यात गोळ्या पिठीसाखरेत घोळायच्या. अगदी शेवटी कागद गुंडाळणाऱ्या बायकांचं टेबल. त्या टेबलाची मुकादम ताई. तिने नुसते डोळे वर केले तरी टेबलावरच्या गप्पा बंद व्हायच्या. बारकी पिंपावर. संध्याकाळी ती बाहेर पडायची तेव्हा पापण्यांवर साखर, कानांच्या पाळ्यांवर साखर, नखांत साखर. घरी येऊन डोकं झटकलं की म्हणायची, "घे ताई, उद्याच्या चहाची सोय झाली."

आता घरी साखर तपासायचं मीटर आणलं त्या वेळची गोष्ट. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आकडा दिसतो, काम सोपं. बारकीला नव्याची नवलाई. दुपारच्या सुट्टीत पिंपाशेजारीच बसून तिने थेंब काढला आणि आकडा आला पाचशेच्या वर. टेबल तसंच टाकून ताईने बारकीला ओढत बाहेर काढलं, काकांनी माल पोचवायची गाडी काढली आणि तिघं गोळ्यांच्या खोक्यांसकट इस्पितळात. ताई दारापासूनच "माझी बहीण, माझी बहीण" करत आत शिरली. सगळी माणसं वळून बघायला लागली. नर्सने बारकीचा एक हात साबणाने धुतला, कोरडा केला, त्याच्या बोटाला पुन्हा टोचलं. एकशे साठ! मग नर्सने बारकीच्या दुसऱ्या, न धुतलेल्या हाताचं बोट नाकाशी नेलं आणि तिला हसूच आवरेना.

"अहो बाई, तुम्ही रक्त कुठलं तपासलंत? गोळी तपासलीत गोळी!"

झालं. डॉक्टर हसले, रांगेतली आजारी माणसंही हसली, बारकी तर पोट धरून हसली. डॉक्टर हसता हसता आणखीही काही सांगत होते. साबणाने हात धुवून पुन्हा बघा, आणि धुवूनही आकडा तेवढाच आला तर मात्र एक मिनिट थांबू नका, असं काहीतरी. पण ताई तेव्हा शरमेने खाली बघत होती. तिच्या कानात पहिला अर्धा भाग शिरला आणि दुसरा बाहेरच राहिला.

कारखान्यात तर पुढे कित्येक दिवस तोच विषय. "बारकीच्या बोटाला कागद गुंडाळा रे, माल वाया जातोय!" मालक स्वतः टेबलापाशी येऊन म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी गाडी काढायच्या आधी बोट चाटून बघत जा." टेबलावरच्या सगळ्या बायका खाली माना घालून हसल्या. ताईही हसली, पण ते हसू तिला फार लागलं. जन्मभर कुणाला बोट दाखवायला जागा दिली नव्हती तिने. तिने मनाशी पक्कं केलं, की पुन्हा असं हात दाखवून अवलक्षण करायचं नाही.

बरं, नियम काही चुकीचा नव्हता. त्यानंतर अनेकदा आकडा चढला, बारकीने हात धुतले आणि आकडा उतरला. अडीचशेचा दीडशे व्हायचा, तीनशेचा पावणेदोनशे. "बोटाची साखर," असं म्हणून दोघी आपापल्या कामाला लागायच्या. नियम खोटा असता तर कधीच उघडा पडला असता. तो खरा होता, हीच पंचाईत.

आणि मग बारकीचं पोट बिघडलं.

आधी उलट्या, मग ताप, मग काही खाल्लं तरी पोटात ठरेना. ताईने तिला घरी ठेवलं. इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पोटात काही नाही तर ते कशाला घेऊ?" बारकी म्हणाली.

"नकोच," ताई म्हणाली.

याला कारण होतं. शाळेत असताना एकदा इंजेक्शन घेऊन न जेवताच बारकी पळाली होती आणि वर्गात धाडकन पडली होती. साखर एकदम उतरली होती. घामाने भिजलेली ती पोर ताईने उचलून आणली, तो भार तिच्या हातांना अजून आठवत होता. साखर चढली तर निस्तरता येतं, उतरली तर पोर हातची जाते, असं ताईचं गणित. अर्धंच गणित ते, पण अर्ध्या गणितावर सबंध संसार चालवणारी माणसं काय कमी आहेत?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात अननसाच्या गोळ्यांचा घाणा होता. अननसाचा अर्क असा, की कपड्यांना लागला तर दोन धुण्यांत जात नाही. मालाची घाई होती, ताईला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं आणि खरं म्हणजे तिने ती मागितलीही नाही. पोटच बिघडलंय, होईल बरं, असं तिला वाटत होतं. संध्याकाळी घरी आली तर बारकी मोरीच्या दाराशीच भिंतीला टेकून बसलेली. शेजारी पाण्याची कळशी रिकामी.

"अगं, इथे काय बसलीस?"

"पलंगावरून येऊन-जाऊन कंटाळले. पाणी पिते, लघवीला जाते, पुन्हा पाणी पिते. ताई, मी माणूस नाही राहिले, नळ झाले नळ." बारकीची जीभ कोरडी पडून टाळूला चिकटत होती, शब्द अर्धे फुटत होते. "बघ ना जरा मीटर लावून."

ताईने तिचं बोट धरलं, टोचलं. चारशे ऐंशी.

बारकीने आकडा पाहिला, आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "मी तर दोन दिवस घरात आहे. माझ्या हाताला कुठली साखर?"

"तुझ्या नाही, माझ्या," ताई लगेच म्हणाली. "आत्ता टेबलावरून उठून आलेय मी. या हातांनी तुझं बोट धरलं ना!" आपल्याला उत्तर सापडलं याचा तिला केवढा आनंद झाला. तिने आधी आपले हात धुतले, मग बारकीचे, बोटं एकेक करून पुसली. पुन्हा टोचलं. चारशे पासष्ट.

"बघ, उतरली की नाही?"

"एवढीशीच?"

"नखांत असेल अजून. माझ्या नखांतली काही एका साबणाने जाते होय?"

पंधरा आकड्यांची ती उतरण. मीटर एका थेंबाला आणि दुसऱ्या थेंबाला एवढा फरक सहज दाखवतं, ती काही उतरण नव्हेच. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तो ताईने घट्ट धरला. बारकी तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. तिच्या श्वासाला एक गोडूस, नासक्या फळासारखा वास येत होता.

"ताई, माझ्या तोंडाला कसला वास येतोय का गं? मलाच घाण वाटतंय."

"माझ्या कपड्यांचा आहे. अननसाचा घाणा होता आज."

"इस्पितळात जाऊया का?"

ताईला आधी वाटलं, जावं. पायात चप्पल सरकवेपर्यंत वाटलं. मग तिच्या डोळ्यांपुढे तो दरवाजा आला, त्या वळलेल्या माना आल्या, मालकांचा चेहरा आला. "जाऊन काय सांगायचं? पोट बिघडलंय आणि माझ्या हाताला साखर आहे, असं?"

बारकी त्यातही हसली. नर्सचा आवाज काढून म्हणाली, "अहो बाई, गोळी तपासलीत गोळी!" हसताना तिला धाप लागली, डोळे मिटले. "राहू दे मग. तू म्हणतेस म्हणजे बोटाचीच असेल."

ताईने चप्पल काढून ठेवली. आणखी काय लिहायचं? एवढीच चूक झाली, आणि ती प्रेमाने झाली, हुशारीने झाली, लाजेपायी झाली. मूर्खपणाने झाली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

सकाळी उजाडलं तेव्हा बारकी हाक मारल्यावर नुसतं "हं" म्हणत होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. श्वास असा खोल आणि भरभर चाललेला, की जणू जिने चढून आलीय. ताईने हात कोपरापर्यंत धुतले, अंगावरचं बदललं, बारकीचं बोट ओल्या फडक्याने तीन-तीनदा पुसलं आणि टोचलं. मीटरवर आकडाच येईना. आकड्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं, एच आणि आय.

ताईला हायसं वाटलं! खोटं कशाला बोला, वाटलं. आकडा नाही म्हणजे मीटर बिघडलंय. कढईतल्या थर्मामीटरचं असंच व्हायचं. त्याच्यावर साखर चढून बसली, की काटा भलतीकडेच जायचा, आणि काका म्हणायचे, "पाक नाही बिघडला, डोळा मळलाय." मग ओलं फडकं फिरवलं की काटा जागेवर. ताईने मीटर पुसलं, पट्टी घालायची फट पुसली, नवी पट्टी घातली, पुन्हा टोचलं. तीच अक्षरं. मीटर आपटलं, पुन्हा लावलं. तीच अक्षरं.

"मेलं यंत्रच नासकं," ती स्वतःशी पुटपुटली. आणि ते नासकं आहे याची खात्री करून घ्यावी, म्हणून तिने आपल्याच बोटाला टोचलं.

एकशे चार.

निरोगी माणसाचा सरळ, साधा आकडा. मीटर शहाणं होतं. तिच्या हाताला कसली साखर नव्हती, पट्टीला नव्हती, फटीत नव्हती. होती ती सगळी बारकीच्या रक्तात होती, आणि काल संध्याकाळीही तिथेच होती. ताई तशीच अनवाणी दाराबाहेर धावली. शेजारी राहणारे एक ड्रायव्हर आंघोळीला निघाले होते, ते तिचा चेहरा बघूनच टॉवेल टाकून गाडीकडे धावले.

या वेळी इस्पितळात कुणी हसलं नाही. चाकाच्या खाटेवर घालून बारकीला आत नेलं, पडदा ओढला, आणि बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी ताईला बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

"इंजेक्शन कधीपासून बंद होतं?"

"पोट बिघडल्यापासून. काही खातच नव्हती हो."

"न खाताही ते लागतं, ताई. आजारपणात तर जास्तच लागतं. डोस किती ते आम्हाला विचारायचं, पण बंद करायचं नाही. ते नसलं की शरीर साखर सोडून चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. उलट्या, धाप, श्वासाचा तो फळासारखा वास, सगळं त्याचंच."

"वास माझ्या कपड्यांचा नव्हता?"

"नाही."

ताईने मीटर पिशवीत घालून आणलं होतं. ते तिने पुढे केलं. "यावर ही अक्षरं येत होती. मला वाटलं बिघडलंय."

डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेतलं. "हे सहाशेपर्यंतच मोजतं. त्याच्यावर गेलं की आकडा देता येत नाही, म्हणून ही अक्षरं देतं. म्हणजे धोक्याच्याही पलीकडे, आहात तसे निघा. घरी त्याआधी आकडे दिसले नव्हते का?"

"दिसले होते," ताई म्हणाली. "काल संध्याकाळी. चारशे ऐंशी. हात धुतले तर चारशे पासष्ट. आमच्या हाताला साखर असते म्हणून…" डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून ती वाट बघत राहिली. कुणीतरी कानाखाली द्यावी, भर इस्पितळात शिव्या घालाव्यात, असं तिला फार वाटत होतं. पण त्या बाईंनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते जास्त वाईट होतं.

"साखर आम्ही हळूहळू उतरवतोय, ती उतरेल," त्या म्हणाल्या. "पण तिच्या मेंदूला सूज आलीय. ती शुद्धीवर येईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आता साखरेच्या आकड्याकडे बघू नका."

यातलंही ताईला अर्धंच ऐकू आलं. साखर उतरेल, एवढं. आणि तिने आकड्याकडे बघायचं नाही तर कशाकडे बघायचं? इतकी वर्षं तिने बारकीचा चेहरा बघून नव्हे, आकडा बघून दिवस काढले होते. आकडा चांगला तर दिवस चांगला. आत नर्स ठरावीक वेळाने बारकीचं बोट टोचायची आणि ताई पडद्याच्या फटीतून विचारायची, "किती?"

पाचशे वीस. मग चारशे दहा. मग तीनशेच्या आसपास. प्रत्येक वेळी ताई मान डोलवायची, शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसालाही सांगायची, "उतरतेय हो." बारकी मात्र होती तशीच. नळी तोंडात, डोळ्यांच्या फटी अर्धवट उघड्या, हात उचलला तर तसाच खाली पडत होता. ताई तिच्या तळव्याला गुदगुल्या करून बघायची. लहानपणी नुसतं बोट दाखवलं तरी किंचाळणारी पोर, पण पाय हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सने टोचलं आणि ताईने विचारायच्या आधीच सांगितलं, "एकशे बेचाळीस."

"एकशे बेचाळीस!" ताई बाकावरून उठलीच. औषधं वेळेवर, खाणं मोजून, सगळं जागच्या जागी असतानाही बारकीचा इतका चांगला आकडा क्वचित यायचा. नर्सने तिच्याकडे पाहिलं, काही बोलावं की नाही असं तिला झालं, आणि खाटेशेजारच्या यंत्राचा आवाज बदलला तशी ती घाईने पडदा ओढून आत गेली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. ताईला लांब थांबायला सांगितलं. त्याच वेळी तिचा फोन वाजला. कढईवाले काका. कारखान्यात दुपारची सुट्टी होती.

"ताई, कशी आहे गं आपली पोर?"

"काका, साखर उतरली! एकशे बेचाळीस!"

"अगं सांगतेस काय!" काका मागे वळून ओरडले, "उतरली रे! बारकीची साखर उतरली!" आणि फोनमधून एकदम टाळ्यांचा, टेबल बडवल्याचा आवाज आला. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी म्हणत होतं, मी सांगितलं नव्हतं का, चिवट आहे ती. मालकांचाही आवाज आला, की म्हणावं, हवी तेवढी सुट्टी घे.

"शुद्धीवर आली का?" काकांनी विचारलं.

"येईल आता. साखर उतरलीय म्हटल्यावर येईलच की."

"मग एक काम कर. तिच्या कानाशी धर फोन. आम्ही सगळे मिळून हाक मारतो. आमचा गोंगाट ऐकून तरी उठेल."

ताई फोन घेऊन पडद्याकडे निघाली. तेवढ्यात पडदा आतून बाजूला झाला आणि डॉक्टरीणबाई बाहेर येऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आता कसलाच आवाज येत नव्हता. त्यांनी हातमोजे काढले होते.

"ताई, फोन ठेवा जरा," त्या हळूच म्हणाल्या.

ताईने ठेवला नाही. फोन ठेवला की या बाई ते वाक्य बोलणार, हे तिला कळलं होतं. म्हणून ती तो तसाच कानाशी धरून उभी राहिली, आणि डॉक्टरीणबाईंना शेवटी तिचा दंड धरून तसंच सांगावं लागलं.

"गेली ती, ताई. आम्ही खूप प्रयत्न केले."

फोनमध्ये सगळा कारखाना एका सुरात हाका मारत होता. "बारके, ऊठ! बारके, ऊठ गं!" पिंप बंद ठेवलं असावं, शब्द अगदी स्वच्छ ऐकू येत होते. मध्येच काकांनी सगळ्यांना गप्प केलं.

"ताई, ऐकतेय ना गं ती?"

"ऐकतेय," ताई म्हणाली. "काका, थांबू नका. अजून थोडा वेळ मारा हाका."